स्वसादृश्याची मोहिनी आणि उपपत्तीचा प्रश्न

१

एखाद्या शास्त्रात नवी संज्ञा रूढ होते, तेव्हा तिच्यापासून दोन लाभ संभवतात. पूर्वी विखुरलेली दिसणारी वस्तुजाते तिच्याखाली एकत्र येतात, हा एक. आणि ती एकत्र का यावीत याचे कारण उमगते, हा दुसरा. पहिला लाभ वर्गीकरणाचा, दुसरा उपपत्तीचा. पुष्कळदा पहिला पदरात पडताच दुसराही हाती आला असा समज होऊन बसतो. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९७५ साली घडविलेल्या ‘फ्रॅक्टल’ या संज्ञेचा इतिहास हा अशा समजाचा अभ्यास करण्यास विशेष उपयुक्त आहे. ही संज्ञा गणितात जन्मली, निसर्गविज्ञानात वाढली आणि आता संगीत, वास्तुकला, अर्थशास्त्र व भाषाशास्त्र यांतही सुखेनैव संचार करीत आहे. भाषेच्या अभ्यासकाने तिचे परीक्षण करण्यास आणखी एक कारण आहे. मँडेलब्रॉट यांच्या संशोधनाचा आरंभच मुळी शब्दांच्या गणनेपासून झाला होता.

संज्ञेमागील मूळ निरीक्षण कोणालाही पटण्याजोगे आहे. फ्लॉवरच्या गड्ड्याचा एक तुरा मोडून पाहिला, तर तो लहानसा गड्डाच भासतो. त्या तुऱ्याचा तुकडा पुन्हा तसाच. नेच्याचे पान, वडाच्या फांद्या, नदी व तिच्या उपनद्या, फुप्फुसातील श्वासनलिका, या सर्वांत अंश हा पूर्णाची प्रतिकृती असल्याचा प्रत्यय येतो. या गुणधर्मास स्वसादृश्य असे म्हणता येईल. त्याचे आकर्षण केवळ नेत्रसुखाचे नव्हे. थोडक्या नियमातून अपार विविधता निष्पन्न होते, ही कल्पना बुद्धीला सुखविणारी आहे. आणि ज्या समाजात सूत्रवाङ्मयाची परंपरा दीर्घ आहे, तेथे तर ती विशेषच सुखविते. परंतु जे सुखविते ते सिद्धही झाले आहे काय, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही.

२

मँडेलब्रॉट यांचा जन्म १९२४ साली वॉर्सा येथे झाला. १९३६ साली त्यांचे कुटुंब फ्रान्समध्ये आले. १९५२ साली त्यांनी पॅरिस येथे जो प्रबंध सादर केला, त्याचा एक भाग शब्दांच्या वारंवारतेविषयी व दुसरा सांख्यिकीय ऊष्मागतिकीविषयी होता. १९५८ पासून त्यांनी अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीच्या संशोधन विभागात दीर्घकाळ काम केले. २०१० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारांचे मुख्य भांडार म्हणजे ‘द फ्रॅक्टल जिऑमेट्री ऑफ नेचर’ हा १९८२ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ. १९७५ चे फ्रेंच पुस्तक व १९७७ ची इंग्रजी आवृत्ती यांचा विस्तार होऊन तो सिद्ध झाला.

ग्रंथकर्ता आपल्या कृतीस ‘निबंध’ म्हणतो, आणि हे नामाभिधान सार्थ आहे. येथे प्रमेयांची व सिद्धतांची सलग मांडणी नाही. उदाहरणे, आकृत्या, विस्मृत गणितज्ञांची चरित्रे, भविष्यकालीन संशोधनाची सूचना व क्वचित आत्मसमर्थन, यांचे ते मिश्रण आहे. जॉर्ज कँटर यांचा १८८३ चा संच, हेल्गे फॉन कॉख यांचा १९०४ चा वक्र, व्हात्स्वाफ शेर्पिन्स्की यांचा १९१५ चा त्रिकोण आणि फेलिक्स हाउसडॉर्फ यांची १९१८ ची मितीची कल्पना, ही सारी सामग्री पूर्वसिद्धच होती. मात्र तत्कालीन गणितज्ञ या आकृत्यांकडे विकृती म्हणून पाहत. सामान्य नियमास अपवाद दाखविण्यापुरताच त्यांचा उपयोग. मँडेलब्रॉट यांनी हा दृष्टिकोणच उलटविला. ज्यांना विकृती मानले जाते त्याच निसर्गाच्या प्रकृतीस जवळच्या आहेत, आणि शाळेतील गुळगुळीत रेषा व गोल हेच अपवाद आहेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ग्रंथाचे खरे सामर्थ्य या दृष्टिपालटात आहे.

कॉख यांचा वक्र हे त्यातील सर्वांत सुबोध उदाहरण. एक रेषाखंड घेऊन त्याचे तीन समान भाग करावेत, मधला भाग काढून त्याच्या जागी तेवढ्याच लांबीच्या दोन रेषा कोन करून बसवाव्यात, आणि जे चार खंड मिळाले त्यांतील प्रत्येकावर तीच क्रिया करावी. प्रत्येक पायरीस लांबी ४/३ पट होते. दहा पायऱ्यांनंतर ती मूळ लांबीच्या सुमारे १७.७६ पट भरते, आणि पायऱ्या अनंत केल्यास लांबीलाही अंत राहत नाही. वक्र तर मर्यादित जागेतच असतो. येथे ‘लांबी किती?’ हा प्रश्नच निरर्थक ठरतो. त्याऐवजी माप लहान केल्यावर लांबी कोणत्या वेगाने वाढते, हे विचारावे लागते. तीनपट लहान मापाने मोजल्यास चारपट तुकडे मिळतात. म्हणून ४ च्या लॉगरिथमास ३ च्या लॉगरिथमाने भागून येणारी १.२६ ही संख्या या वक्राची मिती होय. ती रेषेच्या एकाहून अधिक व पृष्ठाच्या दोहोंहून कमी आहे.

३

गणितातील ही आकृती निसर्गात उतरते ती किनाऱ्यांच्या वाटेने. इंग्रज शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन (१८८१–१९५३) यांनी युद्धांच्या कारणांचा शोध घेताना राष्ट्रांच्या सीमांच्या लांब्या जमविल्या होत्या. त्यांना आढळले की, स्पेन व पोर्तुगाल यांची सामाईक सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर, तर दुसऱ्या ठिकाणी १,२१४ किलोमीटर दिली आहे. हे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आधारे मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीवरील आपला सुविख्यात लेख लिहिला. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यासाठी मिती सुमारे १.२५ येते. याचा अर्थ असा की, मोजपट्टी सोळापट लहान केली असता लांबी दुप्पट होते. दक्षिण आफ्रिकेच्या सरळ किनाऱ्यासाठी तीच संख्या १.०२ आहे, म्हणजे मोजपट्टी बदलूनही तेथे फारसा फरक पडत नाही.

या विचाराचे व्यावहारिक मोल अलीकडे भारतातच प्रत्ययास आले. भारताच्या किनाऱ्याची लांबी १९७० नंतरच्या दशकांत ७,५१६.६ किलोमीटर मानली जात असे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३–२४ च्या वार्षिक अहवालात ती ११,०९८.८१ किलोमीटर देण्यात आली. एकट्या गुजरातेचा किनारा १,२१४.७ वरून २,३४०.६२ किलोमीटरवर गेला. समुद्राने भूमी आक्रमिली वा सोडली, म्हणून हे घडले नाही. पूर्वीची मोजणी ४५ लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावर झाली होती, तर नवी अडीच लाखांस एक या प्रमाणावर. नकाशा सूक्ष्म झाला, तशा खाड्या, वळणे व भूशिरे मोजणीत आली.

परंतु याच उदाहरणात स्वसादृश्याचा मोहही दडलेला आहे. नकाशाचे प्रमाण १८ पट सूक्ष्म झाले व लांबी १.४८ पट झाली, एवढ्यावरून सोप्या आकडेमोडीने भारतीय किनाऱ्याची मिती १.१३ ठरविता येईल. ही संख्या दिसावयास अगदी विश्वासार्ह आहे. दक्षिण आफ्रिका व ब्रिटन यांच्या मध्ये ती नेमकी बसतेही. तथापि तिला शास्त्रीय अर्थ नाही. दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच काढता येते. दोन मोजण्यांची पद्धत एकच होती असेही नाही, आणि ज्या किनाऱ्यावर सौराष्ट्राचे खडक, कोकणातील खाड्या, केरळची वाळू व सुंदरबनातील त्रिभुजप्रदेश एकत्र आहेत, त्याला एकच मिती असावी असे मानण्यास कोणतेही कारण नाही. आकडेमोड निर्दोष असूनही निष्कर्ष निराधार, असा हा प्रकार आहे.

हा दोष काल्पनिक नव्हे. डेव्हिड अव्नीर, ओफेर बिहाम, डॅनियल लिडार व ओफेर माल्काई यांनी १९९८ साली ‘सायन्स’मध्येच एक परीक्षण प्रसिद्ध केले. ‘फिजिकल रिव्ह्यू’ गटाच्या नियतकालिकांतून १९९० ते १९९६ या काळात आलेले, प्रत्यक्ष मापनाच्या आधारे फ्रॅक्टलत्व सांगणारे ९६ निबंध त्यांनी तपासले. या निबंधांतील मापनाची व्याप्ती सरासरीने १.३ दशके एवढीच होती. म्हणजे सर्वांत मोठे माप सर्वांत लहान मापाच्या सुमारे वीसपट. वर दिलेल्या भारतीय किनाऱ्याच्या दोन नकाशांतील १८ पटींचे अंतर जवळजवळ तेवढेच भरते. गणितातील फ्रॅक्टल अनंत पायऱ्यांवर स्वसदृश असतो. निसर्गातील बहुसंख्य ‘फ्रॅक्टल’ वीसपटीच्या खिडकीतून पाहिलेले आहेत. फुप्फुसातील नलिकांचे द्विभाजन सुमारे २३ पिढ्यांत संपते, आणि नंतरच्या वायुकोशांत तीच रचना पुढे चालत नाही. निसर्गातील स्वसादृश्याला आरंभ व अंत असतात, आणि ते कोठे व का पडतात हेच तर विज्ञानाने सांगावयाचे असते.

४

ग्रंथाचा दुसरा विवाद्य भाग व्याख्येचा. १९८२ च्या ग्रंथात फ्रॅक्टलची व्याख्या अशी केली आहे की, ज्या संचाची हाउसडॉर्फ मिती त्याच्या संस्थितीय मितीहून निश्चितपणे अधिक असते तो फ्रॅक्टल. ही व्याख्या काटेकोर आहे, पण तिला अभिप्रेत असलेले सर्व तिच्यात मावत नाही. कँटर यांच्या संचावरून सिद्ध होणारा, ‘सैतानाचा जिना’ या नावाने ओळखला जाणारा वक्र स्वसादृश्याचा उत्तम नमुना आहे. परंतु त्याची दोन्ही प्रकारची मिती एकच, म्हणजे १, असल्याने तो व्याख्येबाहेर राहतो. ग्रंथकर्त्याला ही अडचण ठाऊक होती, आणि पुढे तो या व्याख्येचा आग्रह धरीनासा झाला. परिणामी संज्ञा अधिक व्यापक झाली, आणि त्याच मानाने तिचा काटेकोरपणा उणावला.

मराठी परिभाषेच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मूळ शब्द मोडणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून साधित ‘फ्रॅक्टस’, म्हणजे मोडलेला, खंडित, या विशेषणावरून घडविलेला आहे. इंग्रजीत अपूर्णांकवाचक शब्दही त्याच धातूचा असल्यामुळे संज्ञेत दोन्ही अर्थच्छटा मिसळल्या. ‘अपूर्णमितीय आकृती’ असे भाषांतर केल्यास दुसरी छटाच तेवढी उरते, आणि ती दिशाभूल करते. मँडेलब्रॉट यांच्याच नावाने प्रसिद्ध असलेल्या संचाची सीमारेषा घ्यावी. तिची मिती पूर्ण २ आहे, असे मित्सुहिरो शिशिकुरा यांनी सिद्ध केले. ब्राउनी गतीने फिरणाऱ्या कणाच्या पृष्ठावरील मार्गाची मितीही २ च. मिती पूर्णांक असूनही या आकृती निःसंशय फ्रॅक्टल आहेत. उलट ‘स्वसदृश आकृती’ म्हटले, तर सरळ रेषाही त्यात शिरते, कारण रेषेचा तुकडा हा रेषेसारखाच असतो. म्हणून परिभाषेत ‘फ्रॅक्टल’ हाच शब्द ठेवणे, आणि ‘स्वसादृश्य’ व ‘मिती’ हे त्याचे भिन्न गुणधर्म म्हणून स्वतंत्रपणे वापरणे, हा मार्ग श्रेयस्कर ठरतो. मिती ही एक संख्या आहे. ती आकृतीचे वर्णन पुरे करीत नाही. सारख्याच मितीच्या दोन आकृती डोळ्यांना सर्वस्वी भिन्न दिसू शकतात, याची जाणीव ग्रंथकर्त्यालाही होती.

५

स्वसादृश्याचा दावा जेथे पूर्णतः सिद्ध आहे अशी उदाहरणे पाहिली, म्हणजे असिद्ध दाव्यांतील उणीव चटकन ध्यानात येते. यासाठी कोड्यांकडे वळणे सोयीचे. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्यूका यांनी १८८३ साली ‘हानोईचा मनोरा’ हे कोडे प्रसिद्ध केले. तीन खुंट्या, एकीवर उतरत्या आकाराच्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवावयाची, मोठी चकती लहानीवर ठेवावयाची नाही, आणि सारा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यावयाचा. त्यासोबत काशीच्या देवळातील ६४ सुवर्णचकत्यांची आख्यायिकाही फ्रान्समध्ये प्रसृत झाली. ६४ चकत्यांसाठी १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ चाली लागतात. सेकंदास एक या वेगाने सुमारे ५८,४५० कोटी वर्षे.

या कोड्याचे मर्म मात्र वर्षांच्या संख्येत नाही. खुंट्यांवरील चकत्यांची प्रत्येक संभाव्य मांडणी हा एक बिंदू मानावा, आणि ज्या दोन मांडण्या एका चालीने परस्परांत बदलता येतात ते बिंदू रेषेने जोडावेत. चार चकत्यांचा जो आलेख मिळतो, त्यात तीन चकत्यांच्या आलेखाच्या तीन प्रती तीन रेषांनी जोडलेल्या दिसतात. कारण उघड आहे: सर्वांत मोठी चकती तीनपैकी एका खुंटीवर स्थिर असता उरलेल्या चकत्यांचे कोडे जसेच्या तसे राहते. चकत्या वाढत गेल्या, की हा आलेख शेर्पिन्स्कीच्या त्रिकोणाकडे झुकतो. येथे स्वसादृश्य नुसते दिसत नाही. ते कोड्याच्या नियमांतून निष्पन्न झाल्याचे दाखविता येते.

तोच त्रिकोण भारतीय छंदःशास्त्रातही सापडतो. पिंगलाच्या सूत्रांवर भाष्य करताना दहाव्या शतकात हलायुधाने जो मेरुप्रस्तार स्पष्ट केला, तो अमुक अक्षरांच्या चरणात अमुक गुरू असलेली वृत्ते किती, या प्रश्नाचे उत्तर देतो. चार अक्षरांसाठी १, ४, ६, ४, १ असे अंक येतात. या मेरूतील विषम अंक काळे केले, तर शेर्पिन्स्कीचा त्रिकोण उमटतो. पहिल्या १६ ओळींतील १३६ अंकांपैकी ८१ विषम असतात; पहिल्या १,०२४ ओळींत हे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर येते, आणि पुढे ते शून्याकडे जाते. हे असे का घडते, याचे उत्तर त्याच ल्यूका यांच्या १८७८ च्या प्रमेयातून मिळते. यावरून हलायुधाला फ्रॅक्टल अवगत होता, असे म्हणणे मात्र इतिहासाचा विपर्यास होईल. त्याने मेरू रचला तो वृत्ते मोजण्यासाठी. विषम अंक काळे करण्याचे प्रयोजन त्याला नव्हते. आकृती त्याच्या कोष्टकात होती, पण प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. आणि ज्ञानाच्या इतिहासात प्रश्नाचे मोल आकृतीहून कमी नसते.

सिद्ध सादृश्याचे आणखी एक उदाहरण भाषाशास्त्राला अधिक जवळचे आहे. अरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली शेवाळाच्या वाढीसाठी एक व्याकरण मांडले. त्यात दोन अक्षरे व दोनच नियम: ‘अ’ च्या जागी ‘अब’ लिहावे, ‘ब’ च्या जागी ‘अ’. आरंभ ‘अ’ पासून केला असता अनुक्रमे अब, अबअ, अबअअब, अबअअबअबअ अशा मालिका मिळतात, आणि त्यांची लांबी १, २, ३, ५, ८ अशी वाढते. चॉम्स्की यांच्या पुनर्लेखनव्याकरणात एका वेळी एकाच ठिकाणी नियम लागतो. लिंडेनमायर यांच्या व्याकरणात तो सर्व अक्षरांना एकाच वेळी लागतो, कारण शेवाळाच्या पेशी एकमेकींची वाट पाहत नाहीत. हेच अंक विरहांक व हेमचंद्र यांच्या छंदोग्रंथांत मात्रावृत्तांच्या संदर्भात येतात. चार मात्रा लघु-गुरूंनी पाच प्रकारे भरता येतात, पाच मात्रा आठ प्रकारे. येथे शेवाळ व मात्रा यांचे साम्य आकस्मिक नाही. दोन्हीकडे प्रत्येक संख्या मागील दोहोंची बेरीज असते, आणि ती तशी का असते हे दोन्हीकडे स्वतंत्रपणे दाखविता येते: शेवटी लघु असल्यास एक मात्रा कमी केलेला चरण उरतो, गुरू असल्यास दोन मात्रा कमी केलेला.

६

आता या ग्रंथाचा भाषेशी जेथे प्रत्यक्ष संबंध येतो तो भाग पाहावयाचा. कोणत्याही मोठ्या संहितेतील शब्द वारंवारतेच्या उतरत्या क्रमाने लावले, तर शब्दाची वारंवारता त्याच्या क्रमांकाच्या साधारण व्यस्त प्रमाणात असते, असे जॉर्ज झिप्फ यांनी दाखविले होते. मँडेलब्रॉट यांनी क्रमांकात एक स्थिरांक मिळवून व घातांक मोकळा ठेवून या नियमास सुधारित रूप दिले, आणि संदेशाचा खर्च कमीत कमी ठेवण्याच्या तत्त्वावरून त्याची उपपत्ती लावली. पुढे फ्रॅक्टलांच्या ग्रंथात त्यांनी हा नियम शब्दवृक्षाच्या स्वसादृश्याशी जोडला: अक्षरामागून अक्षर जोडीत गेले असता शब्दांच्या फांद्या फुटत जातात, आणि प्रत्येक फांदी ही संपूर्ण वृक्षाची लहान प्रत असते.

ही उपपत्ती सुंदर आहे. पण ती भाषेविषयी काय सांगते? जॉर्ज मिलर यांनी १९५७ साली असे दाखविले की, कळफलकावर यदृच्छया अक्षरे व मोकळ्या जागा उमटविल्या, तरी त्यातून निघणारे निरर्थक ‘शब्द’ याच प्रकारच्या नियमाने वाटले जातात. मोठे शब्द संख्येने पुष्कळ व प्रत्येकी दुर्मिळ, लहान शब्द थोडे व प्रत्येकी विपुल, एवढ्यानेच वक्र सिद्ध होतो. हर्बर्ट सायमन यांनी तर १९५५ साली एक सर्वस्वी निराळी प्रक्रिया सुचविली: जो शब्द अधिक वेळा येऊन गेला तो पुन्हा येण्याचा संभव अधिक. त्यावरून मँडेलब्रॉट व सायमन यांच्यात जो तीव्र वाद झाला, तो १९६० च्या सुमारास नियतकालिकांतून गाजला. वादातील जय-पराजयापेक्षा त्याचा निष्कर्ष मोलाचा आहे. मितव्यय, यदृच्छा व संचय या तीन परस्परविरोधी कारणांपासून एकच वक्र मिळतो. तेव्हा वक्र मिळाला, म्हणून त्यांपैकी कोणतेही एक कारण सिद्ध होत नाही.

भाषेच्या अभ्यासकाने येथे आणखी एक आक्षेप नोंदविला पाहिजे. ज्याची गणना करावयाची तो ‘शब्द’ म्हणजे काय? मराठीत ‘घर’, ‘घराला’, ‘घरातून’, ‘घरासाठी’ हे चार शब्द मानावेत की एकाच शब्दाची चार रूपे? हिंदीत ‘से’, ‘को’, ‘में’ हे परसर्ग नामापासून तोडून लिहिले जातात. म्हणून हिंदीच्या वारंवारतेच्या यादीत ते अग्रभागी येतात. मराठीत विभक्तिप्रत्यय नामाला जोडून लिहिले जातात. म्हणून यादीत ते स्वतंत्रपणे दिसतच नाहीत, आणि नामांची रूपे मात्र विखुरतात. दोन भगिनीभाषांच्या वक्रांत जो फरक पडेल, त्यातील किती भाषेचा व किती लेखनपद्धतीचा, हे वक्राकडे पाहून कळावयाचे नाही. किनाऱ्याची लांबी जशी मोजपट्टीवर अवलंबून, तशी शब्दांची गणना ‘शब्द’ या मापावर अवलंबून. किनाऱ्याविषयी ज्याने हा धडा जगाला शिकविला, त्याने शब्दांविषयी तो पुरेशा गांभीर्याने घेतला नाही, हे ग्रंथातील एक उल्लेखनीय वैगुण्य होय.

भाषाच फ्रॅक्टल आहे, असे जे अलीकडे ठिकठिकाणी म्हटले जाते, तेही याच कसोटीवर घासले पाहिजे. वाक्यात वाक्य येते हे खरे: ‘जो मुलगा काल आला होता, त्याने सांगितले की, ज्याने पत्र लिहिले तो माणूस परत गेला.’ परंतु नियमाचा स्वान्तर्भाव आणि आकृतीचे स्वसादृश्य या भिन्न गोष्टी आहेत. स्वसादृश्यात प्रत्येक पातळीवर तीच रचना दिसावी लागते. वर्णापासून अक्षर, अक्षरापासून पद, पदापासून वाक्य अशी भाषेत चढण आहे, आणि प्रत्येक पातळीवर घटनेचे तत्त्व बदलते. अक्षर हे लहान वाक्य नव्हे. त्यात उद्देश्य नाही, विधेय नाही. शिवाय नियमाने कितीही मुभा दिली, तरी वापराला मर्यादा असते. फ्रेड कार्लसन यांनी २००७ साली अनेक युरोपीय भाषांचा धांडोळा घेऊन दाखविले की, वाक्याच्या मध्यभागी वाक्य बसविण्याची क्रिया लेखनात फार तर तीन पातळ्यांपर्यंत जाते, आणि बोलण्यात एकाहून अधिक पातळ्या जवळजवळ आढळतच नाहीत. तीन पातळ्यांच्या रचनेस फ्रॅक्टल म्हणावयाचे, तर त्या शब्दाचा उपयोग अलंकारापुरता उरतो.

७

एवढे दोष दाखविल्यावर ग्रंथाचे मूल्य काय ठरते? स्टीव्हन क्रँट्झ यांनी १९८९ साली असा कठोर आक्षेप घेतला होता की, या विषयात चित्रे उदंड असली तरी गणितातले खरे प्रश्न त्याने सोडविलेले नाहीत. हा आक्षेप जसाच्या तसा मान्य करता येत नाही. ब्राउनी गतीच्या मार्गाची बाह्य सीमा ४/३ मितीची असावी, असा तर्क मँडेलब्रॉट यांनी १९८२ च्या ग्रंथात केला तो चित्रे पाहूनच. ग्रेगरी लॉलर, ओडेड श्राम व वेंडेलिन व्हेर्नर यांनी तो २००० सालाच्या सुमारास सिद्ध केला. आणि व्हेर्नर यांना २००६ साली ज्या कार्यासाठी फील्ड्स पदक मिळाले, त्यात या संशोधनाचा अंतर्भाव होता. योग्य हाती चित्र हे प्रश्नाचे बीज ठरते, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

परंतु चित्र हे उत्तर नव्हे. ग्रंथात रिचर्ड व्हॉस यांनी संगणकावर तयार केलेली काल्पनिक पर्वतांची चित्रे आहेत, आणि ती पाहणाऱ्यास खऱ्या पर्वतांचा भास होतो. यादृच्छिक पृष्ठांचे हे मूळ प्रतिमान उलटे केले असता त्याचे सांख्यिकीय स्वरूप पालटत नाही. शिखराच्या जागी दरी व दरीच्या जागी शिखर येते एवढेच. सह्याद्रीचे तसे होणार नाही. त्याच्या दऱ्या वाहत्या पाण्याने कोरलेल्या आहेत, आणि पाणी वर चढत नाही. प्रतिमानात पर्वताचे रूप आले, पण त्याचा इतिहास आला नाही.

याउलट फ्लॉवरच्या गड्ड्याविषयी २०२१ साली ‘सायन्स’मध्ये जे संशोधन प्रसिद्ध झाले, ते उपपत्ती म्हणजे काय याचा आदर्श म्हणून दाखविता येईल. फ्रान्समधील फ्रांस्वा पार्सी, क्रिस्तोफ गोदँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, या वनस्पतीतील अंकुर फूल होऊ पाहतात, पण फुलाच्या अवस्थेत टिकू शकत नाहीत. ते पुन्हा देठाच्या अवस्थेस जातात, मात्र फूल होण्याच्या प्रयत्नाचा संस्कार घेऊन. त्यामुळे पानांवाचून नवे अंकुर फुटतात, आणि त्यांचेही तेच होते. देठावर देठ फुटत जातात, आणि गड्डा सिद्ध होतो. येथे स्वसादृश्य आहे, त्याला कारण आहे, त्या कारणाला जनुकांचा आधार आहे, आणि कोणता बदल केला असता आकार कसा पालटेल हेही सांगता येते.

यास्तव मँडेलब्रॉट यांचा ग्रंथ वाचावयाचा तो प्रश्नांचा संग्रह म्हणून, सिद्धान्तांचा म्हणून नव्हे. एखाद्या संहितेत, बोलीत वा वृत्तात स्वसादृश्य आढळल्याचे ज्याला सांगावयाचे असेल, त्याने निदान तीन गोष्टींचा खुलासा केला पाहिजे: मापन किती पटींच्या व्याप्तीत केले, मापाचा घटक कोणता घेतला, आणि तो बदलल्यास निष्कर्ष टिकतो काय, आणि तीच आकृती अन्य कारणाने निष्पन्न होणे का शक्य नाही. या तिन्हींचे उत्तर मिळाले, तर ‘फ्रॅक्टल’ या शब्दावाचूनही निष्कर्ष उभा राहील. उत्तर मिळाले नाही, तर त्या शब्दाने त्याला आधार मिळणार नाही.